सुईने नशा करणाऱ्यांमध्ये काम करताय? वयाच्या हिशेबात या चुका टाळा

मुंबईत संसर्ग टाळण्यासाठी नव्या सुया वाटणारी बरीच मंडळी विशीतल्या पोराला आणि पन्नाशीच्या माणसाला एकच भाषण ऐकवतात. दोघांचे धोके वेगळे, त्यामुळे ते दोघांच्याही डोक्यावरून जातं.

नुसतं वय विचारू नका, ‘सुई कधीपासून?’ हेही विचारा. चाळिशीत पन्नीवरून (म्हणजे गर्द, हेरॉइन, पन्नीवर जाळून ओढण्यावरून) सुईवर आलेला माणूस टोचण्याच्या बाबतीत नवखाच असतो, आणि हेपटायटिस सीची (यकृत बिघडवणाऱ्या, रक्तातून पसरणाऱ्या विषाणूची) लागण बहुतेकदा सुरुवातीच्या काही वर्षांतच होते.

‘सुई शेअर करतोस का?’ या प्रश्नाला पोरं ‘नाही’ म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. सुई ज्याची त्याचीच असते, पण गर्द विरघळवायचं पाणी, ती कालवायचं झाकण आणि गाळायचा कापूस सगळ्यांत एकच. वापरलेली सुई त्या पाण्यात एकदा बुडाली की विषाणू सगळ्यांना मिळाला. शिवाय नवख्याला स्वतःला टोचता येत नाही. जुना गडी टोचून देतो, तोही बहुधा आधी स्वतःला टोचून झाल्यावर. म्हणून असं विचारा: काल किती जण होतात? पाणी कुणाचं? टोचलं कुणी? सुयांचा हिशेबही इथेच फसतो. दिवसाला तीनदा घेणाऱ्याला आठवड्याला २१ लागतात, पाच देऊन काय होणार? उरलेल्या वेळी तो जुनीच धुऊन वापरणार, आणि सीचा विषाणू सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकू शकतो.

जुनी माणसं शेअरिंग कमी करतात म्हणून त्यांना यादीत खाली ढकलू नका. हाताच्या शिरा संपल्या की ती जांघेत टोचतात. एकच पाय सुजला, गरम लागतोय, दुखतोय? शिरेत गुठळी असू शकते. मालिश करू नका, त्याच दिवशी केईएम, सायन किंवा नायरला न्या. थंडी वाजून येणारा ताप हटत नसेल तर क्रोसिनवर दिवस काढू नका, हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेला असू शकतो. सीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, म्हणजे कधीतरी लागण झालेली दिसली, तर विषाणू अजून रक्तात आहे का हे पाहणारी आरएनए चाचणी करून घ्या. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून उपचार मोफत आहेत, सिरोसिस (यकृत कडक होणं) नसेल तर साधारण १२ आठवडे गोळ्या.

ओव्हरडोसमध्ये घात होतो तो ‘मला माझा डोस माहीत आहे’ म्हणणाऱ्याचा. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात वाईट, कारण शरीराची सवय मोडलेली असते. त्यात दारू किंवा अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी असेल तर श्वास आणखी लवकर थांबतो. ओठ निळे पडले, हाक मारून उठत नाही, तर १०८ लावा, दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. प्रशिक्षण घेतलेल्याने गर्दचा परिणाम उलटवणारं नॅलॉक्सोन ०.४ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावं, दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. लिंबूपाणी पाजू नका, फुफ्फुसात जातं. शुद्धीवर आला की तो उठून चालू लागतो, तेव्हा अडवा. नॅलॉक्सोन ३० ते ९० मिनिटांत उतरतं, आणि गर्द अजून अंगात असते.