नोकरी आणि घर सांभाळून छायाचित्रणाचा छंद

नोकरी आणि संसार यांतून छायाचित्रणासाठी वेळच मिळत नाही, अशी अनेक हौशी छायाचित्रकारांची तक्रार असते. प्रत्यक्षात छायाचित्र टिपायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो ऐन वेळी कॅमेऱ्याची सेटिंग बदलण्यात आणि नंतर शेकडो छायाचित्रांतून निवड करण्यात. सलग मोकळा दिवस मिळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ही दोन कामे आटोक्यात आणावीत.

कॅमेरा बॅगेत बंद न ठेवता, बॅटरी भरून आणि कार्ड रिकामे करून, हाताशी येईल पण लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. एकच लहान, स्थिर फोकल लांबीची (म्हणजे झूम न होणारी) लेन्स त्यावर कायम राहू द्यावी. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमी, तर त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर 35 मिमीची लेन्स साधारण सारखेच दृश्य देते आणि घरातल्या बहुतेक कामांना पुरते. ऑफिसला जाता-येता मोबाइलचा कॅमेराही चालतो; त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

घरातला उजेड डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो आणि मुले एका जागी ठरत नाहीत, म्हणून सेटिंगचा विचार आधीच करून ठेवावा. ॲपर्चर प्रायॉरिटी मोड (यात ॲपर्चर आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा) निवडून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र, एफ/2.8च्या आसपास ठेवावे, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून त्याची कमाल मर्यादा 6400 करावी आणि कॅमेऱ्यात सोय असल्यास शटरचा किमान वेग 1/250 सेकंद ठरवून द्यावा. लेन्सची फोकल लांबी 50 मिमी असेल तर शटर 1/50 सेकंदापेक्षा मंद नसावे, हा जुना नियम फक्त हाताच्या कंपापुरता आहे. धावत्या मुलासाठी 1/500 सेकंदही कधी कधी अपुरा पडतो. आयएसओ वाढल्याने येणारे दाणे खपून जातात, पण हललेला चेहरा नंतर कशानेही सुधारत नाही.

त्यानंतर छताचा दिवा बंद करावा, कारण दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की त्वचेचा रंग बिघडतो. अभ्यासाला बसलेल्या मुलीचे टेबल खिडकीला काटकोनात लावले तर गालावर उजेड पडतो आणि वहीवरचे बोटही स्पष्ट दिसते. चेहऱ्याची दुसरी बाजू फारच काळवंडत असेल तर त्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा करावा. फ्लॅशची गरज सहसा पडत नाही.

घराबाहेर जायचे असेल तर सूर्योदयानंतरचा तास धरावा, कारण तेव्हा उजेड मऊ आणि तिरपा असतो आणि घरातल्या कोणाच्या वाट्याचा वेळ कमी होत नाही. सहलीत मात्र कॅमेरा केव्हा बाहेर काढायचा आणि केव्हा आत ठेवायचा हे घरच्यांशी आधीच बोलून ठरवावे. प्रत्येक वळणावर सर्वांना थांबवणारा छायाचित्रकार लवकरच एकटा फिरू लागतो. मुलांची छायाचित्रे इतरांना दाखवण्यापूर्वी त्यांनाही विचारावे.

खरी कसोटी निवडीत लागते. सुमारे 40 वर्षे मुले सांभाळण्याची नोकरी करत शिकागोचे रस्ते टिपणाऱ्या व्हिव्हियन मायर यांचे सामान 2007 मध्ये लिलावात निघाले आणि पुढे त्यांच्या संग्रहात शेकडो रोल न धुतलेले आढळले. आजचे न धुतलेले रोल हार्ड डिस्कवर साचतात. म्हणून छायाचित्रे टिपली त्याच रात्री, पंधरा मिनिटांचा गजर लावून, हललेली आणि एकसारखी छायाचित्रे काढून टाकावीत आणि मोजकी पाच-दहा ठेवावीत. एरवी जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेली छोटी फाइल, पुरे. उजेड अवघड असेल आणि संस्करणाला बसायची खरोखर तयारी असेल, तेव्हाच रॉमध्ये, म्हणजे सेन्सरवरची माहिती प्रक्रिया न करता ठेवणाऱ्या फाइलमध्ये, टिपावे.

ठेवलेल्या छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे ठेवावी. दोन्ही डिस्कवरच्या फाइल उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.