‘देव एकच’ म्हणताना या चुका टाळा

‘देव एकच’ हे वाक्य कीर्तनात भेटतं, रिक्षाच्या पाठीवरही भेटतं. पण त्यामागची श्रद्धा दर वेळी तीच नसते, आणि अभ्यासाला बसणाऱ्याची गाडी नेमकी इथेच अडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देव मोजत बसणं. माणूस किती देव पुजतो यापेक्षा उरलेल्या देवांबद्दल तो काय म्हणतो, ते विचारा. बायबलातल्या दहा आज्ञांमध्ये ‘माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसोत’ असं येतं. दुसरे देव नाहीतच, असं हे वाक्य म्हणत नाही; त्यांच्या नादी लागू नकोस, एवढंच सांगतं. ही एकदेवोपासना. बायबलातल्याच यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, ४५व्या अध्यायात मात्र देव स्वतः म्हणतो की मीच परमेश्वर, दुसरा कोणी नाही. हा एकेश्वरवाद.

ऋग्वेदाची तऱ्हा तिसरीच. सूक्त इंद्राचं असेल तर इंद्र सर्वांत थोर, वरुणाचं असेल तर वरुण. ‘एकं सत्’ (१.१६४.४६) एकेश्वरवादाचा पुरावा म्हणून डकवण्याआधी व्याकरण बघा: ‘सत्’ नपुंसकलिंगी आहे. ‘एक देव’ नव्हे, ‘जे आहे ते एक’. अद्वैतालाही याच कारणाने एकेश्वरवाद म्हणू नये. तिथे शेवटी भक्त वेगळा उरतच नाही.

आपल्याकडची हमखास चूक म्हणजे प्रार्थना समाज (१८६७ची सुधारणावादी धर्मसंस्था) आणि जोतीराव फुल्यांचा निर्मिक (निर्मात्या देवासाठी त्यांचा शब्द) एकाच खणात टाकणं. मूर्ती दोघांनाही नको, निर्माता दोघांनाही एकच. पण समाजाचं नावच प्रार्थनेवरून पडलेलं. तिथे सामुदायिक उपासना आणि तुकोबांचे अभंग. फुले ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये (१८९१) म्हणतात की फुलं निर्मिकानेच माणसासाठी केली, ती परत त्यालाच कशाला वाहायची? नामस्मरणही त्यांना पटत नाही. सत्याने वागणं हाच धर्म. टॉमस पेन या बुद्धिवादी लेखकाला वाचलेल्या माणसाला हे शोभतंच. तरी निर्मिकाला जग घडवून बाजूला झालेला कारागीर ठरवायची घाई मला मान्य नाही. स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारा, सगळ्यांचा पालक असा तो आहे.

वारकऱ्याला कुठे बसवायचं? विचारलंत तर तो ‘विठ्ठलावाचून कोणी नाही’ म्हणेल, आणि घरी चंपाषष्ठीला खंडोबाची तळीही भरेल.