छोट्या हॉस्पिटलच्या ईएचआरसाठी टर्म्स आणि कोड कसे ठरवायचे

ईएचआर म्हणजे पेशंटचं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड. त्याचा सॉफ्टवेअरवाला डेमो द्यायला यायच्या आधी हे काम सुरू करा, नंतर तो म्हणेल तेच फील्ड गळ्यात पडतात. आधी जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा घ्या आणि त्यात निदान जसं लिहिलंय तसंच एका एक्सेल शीटमध्ये उतरवा, सुधारून नाही. एकाच आजारासाठी, उदाहरणार्थ डायबेटिससाठी, 'के/सी/ओ डीएम' (आधीपासून डायबेटिस असलेला), 'टाइप टू', 'शुगरचा पेशंट', 'डीएम ऑन ओएचए' (शुगरच्या गोळ्या चालू) असं सगळं सापडेल. ही यादी म्हणजेच तुमची खरी टर्मिनॉलॉजी, आता फक्त तिला कोड लावायचेत.

निदानासाठी स्नोमेड सीटी घ्या, म्हणजे वैद्यकीय शब्दांची आंतरराष्ट्रीय कोड-यादी. ती चालवणाऱ्या संस्थेचा भारत मेंबर असल्यामुळे लायसन्सचे पैसे पडत नाहीत, रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि मदतीला पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत एनआरसीईएस, म्हणजे ईएचआर स्टँडर्ड्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. टाइप टू डायबेटिसचा कोड ४४०५४००६, वरचे ज्यात टाइप टू स्पष्ट लिहिलंय ते शब्द त्याला जोडा, पण नुसतं 'डीएम' किंवा 'शुगर' असेल तर ७३२११००९ म्हणजे साधा डायबेटिस मेलायटस, टाइप आपण अंदाजाने ठरवायचा नाही. डॉक्टरला स्क्रीनवर कोड दिसायची गरजच नाही, त्याने 'डीएम' टाइप केलं की लिस्ट उघडली पाहिजे एवढंच. आयसीडी-१० ही आजारांची दुसरी कोड-यादी रिपोर्टिंग आणि इन्शुरन्स क्लेमसाठी, तिचा कोड स्नोमेडच्या कोडला मागून जोडा (मॅप करा), ओपीडीत डॉक्टरला आयसीडी शोधायला लावलंत तर तो जो पहिला दिसेल तो टिचकवून मोकळा होणार.

लॅबसाठी लॉइंक, म्हणजे टेस्टच्या कोडची यादी. फास्टिंग ग्लुकोज १५५८-६, रँडम (वेळेची अट नसलेलं) २३४५-७, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ४५४८-४, म्हणजे 'बीएसएल' (ब्लड शुगर लेव्हल) नावाचा एकच फील्ड ठेवून चालत नाही. आकडा आणि युनिट वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवा. आपल्याकडे ग्लुकोज मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये येतं पण परदेशातून आलेल्या पेशंटच्या रिपोर्टवर मिलिमोल पर लिटर असतं, त्याला साधारण १८ ने गुणावं लागतं, आणि ७ हा आकडा युनिटशिवाय पडला तर वाचणारा तो मिलिग्रॅम समजून घाबरेल. 'ट्रेस', 'निगेटिव्ह', '५ पेक्षा कमी' यांनाही जागा हवी, नाहीतर टेक्निशियन तिथे शून्य भरतो.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट, रिकामी जागा. ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे म्हणजे ॲलर्जी नाही, की विचारलंच नाही, की पेशंटला माहीत नाही? कागदावर एक आडवी रेघ मारली की भागायचं आणि ड्युटीवरची सिस्टर परत विचारून घ्यायची, पण सॉफ्टवेअरमध्ये ती रेघ पुढच्या डॉक्टरला 'नाही' अशीच दिसते. म्हणून तिन्हींसाठी वेगळे पर्याय द्या, आणि 'ॲलर्जी नाही' हे कोणीतरी मुद्दाम क्लिक केल्याशिवाय भरलं जाऊ नये, डीफॉल्ट तर अजिबात नाही. हेच प्रेग्नन्सी, तंबाखू आणि जुन्या ऑपरेशनला लागू.

वय साठवू नका, जन्मतारीख साठवा. पण आपल्याकडे शाळेत मास्तरांनी १ जून टाकलेले आजोबा पुष्कळ, तेव्हा 'तारीख अंदाजे' असा टिकमार्क ठेवा. फायर (एफएचआयआर, वेगवेगळ्या सिस्टीममध्ये रेकॉर्ड देवाणघेवाणीचं स्टँडर्ड) मध्ये नुसतं साल टाकलं तरी चालतं, एबीडीएमला (सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनला) जोडायचं असेल तर फायर लागणारच आहे, त्यामुळे डेव्हलपर पूर्ण तारीख कम्पल्सरी करतोय का ते बघा.

'इतर' आणि मोकळा मजकूर बंद करू नका. महिन्यातून एकदा त्यात काय पडलंय ते बघा, तोच शब्द वारंवार दिसला तर यादीत घ्या. जुना कोड डिलीट मात्र कधीच नाही, इनॲक्टिव्ह करायचा, नाहीतर मागच्या वर्षीचे रेकॉर्ड उघडेनात. हे काम एका माणसाच्या नावावर हवं, शक्यतो रेकॉर्ड रूममधल्या, डॉक्टरच्या नाही (त्यांना वेळ नसतो, आणि प्रत्येकाचं शॉर्टफॉर्म वेगळं).

लाइव्ह जायच्या आधी काही जुने केसपेपर, नाव झाकून, रिसेप्शनच्या माणसाकडून सिस्टीममध्ये भरून घ्या आणि ज्याने ते पेशंट पाहिलेले नाहीत अशा डॉक्टरला फक्त स्क्रीन वाचून केस सांगायला लावा, जिथे तो अडखळेल तो फील्ड नव्याने आखा.