लिबरल आर्ट्समधून इंजिनिअरिंगकडे जाताना अडले ते फिजिक्सवर

अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात लिबरल आर्ट्समध्ये, म्हणजे आपल्याकडच्या कला शाखेसारख्या विभागात, इतिहास शिकत असताना दुसऱ्या सत्रात मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगकडे वळण्याचे ठरवले, तेव्हा विद्यापीठ तेच असल्याने एक अर्ज पुरेल, अशी माझी भाबडी समजूत होती. अर्ज फेटाळला गेला. कारण शोधताना गुणपत्रकातील एका ओळीवर बोट थांबले: मी घेतलेले फिजिक्स बीजगणितावर आधारलेले होते आणि इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसवर आधारलेलेच लागते. नाव जवळपास सारखे, विषयाचा क्रमांक तेवढा वेगळा. सल्लागारांनीही हे कधी सांगितले नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक कॉलेजात) योग्य फिजिक्स पूर्ण केले. मात्र फी भरण्याआधी त्याचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, आमचे विद्यापीठ ग्राह्य धरेल, हे लेखी घेतले. इंजिनिअरिंगसाठी लागणारा कॅल्क्युलसचा दुसरा भाग मुद्दाम विद्यापीठातच केला, कारण बाहेरचे क्रेडिट जमा झाले तरी तेथील ग्रेड आमच्या सरासरीत धरली जात नसे आणि निवड तर सरासरीवरच होती. पुढच्या खेपेस प्रवेश मिळाला. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा असल्यामुळे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून नवा आय-२० (या व्हिसासाठी विद्यापीठ देते ते पात्रतापत्र) काढावा लागला. पदवीला एक वर्ष जास्त लागले, आणि त्या वर्षाच्या फीचा आकडा नाशिकला बाबांना फोनवर सांगणे फिजिक्सपेक्षा अवघड गेले.