आडनाव जरा हटके आहे? मग त्याचं मूळ असं शोधा

आधी एक करा, नेटवर 'अमुक आडनावाचा अर्थ' टाकून जे काही येतं ते वाचा, हसा आणि सोडून द्या. तिथे सगळ्यांचेच पूर्वज शूर असतात आणि सगळ्यांनाच आडनाव महाराजांनी खूश होऊन दिलेलं असतं. अर्थ शोधायला लागायचं ते सगळ्यात शेवटी. आधी गाव आणि कागद.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठा, आणि आत्याला तर नक्कीच, कारण सोयरिकी कोणाशी झाल्या आणि कोणाशी होत नाहीत हे तिला पक्कं माहीत असतं. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, लग्नात देवक काय असतं, आणि पणजोबांच्या आधीही हेच आडनाव होतं का, हे विचारा. हा शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत आणि तिथेच गाडी अडते. शाळेत नाव घालताना किंवा गिरणीत लागताना समोरच्याने काय लिहून घेतलं त्यावर पुढच्या चार पिढ्यांचं आडनाव ठरलेलं असू शकतं. मग आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि मराठी स्पेलिंग बघा. मुंबईत सगळे कागद इंग्रजीत, तिथे ळ, ल, ण, न सगळं एकच होतं, 'काळे' आणि 'काले' इंग्रजीत सारखेच दिसतात आणि नंतर कोणीतरी ते परत मराठीत चुकीचं उतरवतं.

आता शेपूट बघा. शेवटी 'कर' असेल तर काम सोपं, पण गावाचं नाव जसंच्या तसं सापडेलच असं नाही. पेणचे पेणकर ठीक, पण वेंगुर्ल्याचे वेंगुर्लेकर, आचऱ्याचे आचरेकर, रोह्याचे रोहेकर, आणि साताऱ्याचे मात्र सातारकर. म्हणजे आडनावात 'एकर' ऐकू आलं तर 'आ'ने संपणारं गावही शोधायचं. आणि एक लक्षात घ्या, गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाची ओळख लागतच नाही, सगळेच तिथले. ती लागते गाव सोडल्यावर. म्हणून बऱ्याचदा त्या गावात त्या आडनावाचं एकही घर सापडत नाही आणि लोक नाराज होऊन परत येतात. त्यात कधीकधी 'कर' मागाहून लावलेलं असतं, मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर लावलं तसं. आणि 'कर' म्हणजे अमुकच जात किंवा धर्म असंही काही नाही, रायगडातले बेने इस्रायली ज्यूसुद्धा किहीमकर, पेणकर, नवगावकर आहेत.

शेवटी 'नीस' असेल तर मला स्वतःला सगळ्यात मजा येते. हे फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस, आणि पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. ही घराण्याची नावं नाहीत, नोकरीची आहेत, त्यामुळे त्यामागे दुसरं जुनं आडनाव दडलेलं असतं. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. अजून गंमत म्हणजे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदांना संस्कृत नावं दिली गेली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. त्यामुळे डबीर आणि सुमंत ही दोन आडनावं ऐकायला कुठच्या कुठे वाटली तरी पद एकच. पण म्हणून दोन्ही घरं एकच असं लगेच समजू नका, आणि तुमचा पूर्वज रायगडावरच होता असंही नाही.

'वार' असेल, मुनगंटीवार, वडेट्टीवार असं, तर विदर्भ-मराठवाड्याकडे तेलंगणाच्या बाजूला वळा. शब्दच मराठी नसेल तर कन्नड, कोकणी, तेलुगू माणसाला विचारा, मराठी कोशात डोकं आपटून काही निघणार नाही.

राहिली आगलावे, वाघमारे, एकबोटे, भाजीभाकरे, सहस्रबुद्धे ही मंडळी. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ ची, नेटवर फुकट आहे) उघडून जुना अर्थ बघा, कारण आज विनोदी वाटणारा शब्द तेव्हा साधा असू शकतो. पण टोपणनाव कोणत्या प्रसंगावरून पडलं हे सिद्ध होणं कठीणच. घरची गोष्ट 'आमच्याकडे असं सांगतात' म्हणून लिहून ठेवा, इतिहास म्हणून नको.

मुंबईत बसून कागद कुठे मिळतील? दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. तिथे कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याची वंशावळ आणि माहिती छापलेली पुस्तकं, विचारा, आपला नसला तरी त्याच गावातल्या दुसऱ्या घराण्याचा चाळा, शेजारी म्हणून आपलं नाव येऊ शकतं. आडनाव मुंबईत बदललंय असा संशय असेल तर सरकारी राजपत्र (गॅझेट) बघा, त्यात जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापतात, छापखाना चर्नी रोडला. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार, आहे पण तिथे पहिल्याच दिवशी धावू नका, तिथले दप्तर आडनावाप्रमाणे लावलेलं नाही, गाव आणि साधारण साल हातात नसेल तर दिवस फुकट जाईल. कोकणातले असाल तर गावाचं मुंबई मंडळ गाठा, तिथल्या जुन्या सेक्रेटरीला कोणती भावकी कुठून आली ते तोंडपाठ असतं.

गाव कळलं की जुने सातबारा आणि फेरफार, बरेचसे आता स्कॅन करून ऑनलाइन आहेत. पण त्यात आडनाव शोधत बसू नका, जुन्या नोंदीत नुसतंच 'तुकाराम बिन बाळोजी' असतं, म्हणजे बापाचं नाव माहीत पाहिजे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्याही बघाच, गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि कधीकधी पूर्वजाच्या हातची सही सापडते.

कागद मोडीत, म्हणजे जुन्या मराठी लिपीत, असेल तर वाचणाऱ्याला 'साधारण काय लिहिलंय' असं विचारू नका. फोटो सरळ, पूर्ण पानाचा काढा आणि अक्षर न् अक्षर देवनागरीत उतरवून मागा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नीट कळत नाही, त्यामुळे आडनाव दोन प्रकारे वाचता येत असेल तर दोन्ही लिहून घ्या आणि पुढच्या कागदात दोन्ही शोधा.