खान्देशच्या उन्हात रोलचा कॅमेरा कसा वापरावा

सारंगखेड्याच्या यात्रेत मी एकदा सकाळपासून घोड्यांचे फोटो काढत होतो. दत्तजयंतीचे दिवस, बोचरी थंडी, धुळीतून येणारं कोवळं ऊन. कॅमेऱ्यावरचा आकडा ३६ झाला, ३७ झाला. ३९ झाला तेव्हा पोटात गोळा आला, कारण छत्तीसचा रोल फार तर एखाददुसरा फोटो वर देतो. अंधाऱ्या खोलीत जाऊन झाकण उघडलं तर रोलची पट्टी पलीकडच्या चाकात अडकलेलीच नव्हती. दिवसभर नुसता खटका वाजत होता. आत एकही घोडा नव्हता.

तरीही हा नाद सुटला नाही. मोबाइलवर एका घोड्याचे चाळीस फोटो निघतात आणि एकही परत बघितला जात नाही. रोलवर प्रत्येक खटक्याला चहा-पोह्यांचे पैसे जातात, त्यामुळे आधी बघणं होतं आणि मग दाबणं. ज्यांना हे करून पाहायचंय त्यांच्यासाठी आमच्याकडच्या हवेत जमलेली पद्धत सांगतो. इथे खरा प्रश्न उन्हाचा आहे. मदत तेच करतं आणि दगाही तेच देतं.

कॅमेरा

आधी घरातलं कपाट उघडा. बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री कित्येक घरांत अजून पडून आहे. त्यात १२० चा रुंद रोल लागतो आणि बारा चौकोनी फोटो निघतात. विकत घेणार असाल तर बॅटरीविना चालणारं शटर बघा: पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम १०, यशिका एफएक्स ३ किंवा माझ्यासारखा रशियन झेनिट ई. झेनिट म्हणजे निव्वळ लोखंड, पण सोबत येणारी हेलिओस ही ५८ मिमीची लेन्स पूर्ण उघडली की मागची निंबाची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. तेवढ्यासाठी मी त्याचं वजन गळ्यात वागवतो. फक्त एक लक्षात ठेवा, झेनिटमध्ये आधी रोल पुढे सरकवायचा खटका ओढायचा आणि मगच स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं तो आकडा) बदलायचा.

पैसे देण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सौदा सोडा. मागचं झाकण उघडून खटका सगळ्या स्पीडवर दाबा. एक सेकंदाचा स्पीड असेल तर तो एक सेकंदच चालला पाहिजे, अडकता कामा नये. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागेल, पण ते काम मोठं नाही. आतला उजेड मोजणारा जुना मीटर बहुधा खोटं बोलतो. बोलू द्या.

रोल भरणं

सावलीत भरा. पट्टी पलीकडच्या चाकाच्या खाचेत घाला, एकदा ओढा आणि दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसलेली डोळ्यांनी बघून मगच झाकण लावा. मग डावीकडची गुंडाळायची चकती हलकेच गुंडाळायच्या दिशेने फिरवून रोलचा ढिलेपणा काढा. यापुढे दर वेळी रोल पुढे सरकवायचा खटका ओढताना ती चकती आपोआप फिरली पाहिजे. नाही फिरली, तर तुमचा सारंगखेडा झाला. सुरुवातीचे दोन खटके रिकामे सोडा. झेनिटमध्ये आकडाही हातानेच शून्यावर आणावा लागतो.

रोल शंभरचा किंवा दोनशेचा घ्या; आकडा जेवढा मोठा, तेवढा रोलला उजेड कमी पुरतो. दुकानदार चारशेचा पुढे करतो, पण जुन्या कॅमेऱ्यांचा सर्वांत जलद स्पीड बऱ्याचदा १/५०० सेकंद असतो. आमच्या दुपारी चारशेच्या रोलला १/५०० वर एफ १६ लागतो (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लेन्सचं भोक लहान), म्हणजे लेन्स उघडायला जागाच उरत नाही. चारशेचा रोल घरातल्या आणि पावसाळ्यातल्या फोटोंसाठी ठेवा.

ऊन वाचणं

स्वच्छ उन्हात लेन्स एफ १६ वर ठेवायची आणि स्पीड रोलच्या आकड्याच्या जवळचा: शंभरला १/१२५, दोनशेला १/२५०. झालं. जिथे दिवाळीपासून होळीपर्यंत आभाळ निरभ्र असतं, तिथे याहून भरवशाचा मीटर नाही. स्पीड तसाच ठेवून पुढे स्वतःची सावली बघत जा. सावलीच्या कडा धारदार असतील तर एफ १६. मे महिन्यात धुळीने आभाळ पांढुरकं होतं आणि कडा मऊ पडतात, तेव्हा एफ ११. सावली जेमतेम दिसत असेल तर एफ ८. निंबाखाली पारावर बसलेल्या माणसाला एफ ५.६ किंवा ४. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत शिरलात तर २.८ लाही भीतभीतच दाबा, कारण वरची पानं छपरासारखी असतात. सूर्य तिरपा झाला की एक घर, म्हणजे एफचा एक आकडा, जास्त उघडा.

जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग बघितला की या हिशोबाची किंमत कळते. कॅमेऱ्यातला मीटर समोर दिसेल ते सगळं राखाडी समजतो, त्यामुळे कापूस मळकट निघतो आणि त्यावर उभा माणूस काळाठिक्कर. उन्हाचा नियम समोर काय आहे ते विचारतच नाही, किती ऊन पडतंय तेवढंच मोजतो. म्हणून कापूस कापसासारखा येतो. मात्र भरदुपारी टोपीखालचा चेहरा अंधारात असतो, तिथे एक घर जास्त द्या. निगेटिव्हला जास्तीचा उजेड सोसतो, कमी पडलेला सोसत नाही.

हेच ऊन रोल खातं. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत रोल ठेवू नका. घरी हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा, नाहीतर त्याला घाम फुटतो.

घरी रोल धुणं

रंगीत रोल मी मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरिअर करतो. गंमत म्हणजे रंगीत रोलचं रसायन ३८ अंशांवर चालतं आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी जवळपास तेवढंच असतं. पण ते प्रकरण नाजूक आहे, सुरुवात काळ्या-पांढऱ्यापासूनच करा.

त्याला २० अंशांचं पाणी हवं. नळाला तसं पाणी इथे डिसेंबर-जानेवारीतच मिळतं. उन्हाळ्यात मी माठाचं पाणी वापरतो, कोरड्या हवेत ते चांगलंच गार होतं. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात रसायनाच्या बाटल्या उभ्या केल्या की २४ अंशांपर्यंत सहज येतं. तेवढ्यावर थांबतो आणि वेळ कमी करतो. इल्फर्डच्या एचपी ५ रोलला आयडी ११ हे डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) निम्मं पाणी घालून वापरलं तर २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ अंशांना साधारण नऊ. थर्मामीटर मात्र नीट घ्या, बोट बुडवून अंदाज करू नका.

रोल रिळावर चढवणं अंधारात, पहाटे. दुपारी काळ्या पिशवीत हात घातले की घामाने रोल रिळाला चिकटतो. आधी एखादा वाया गेलेला रोल उजेडात दहादा चढवून बघा. मग अंधारातच रीळ टँकमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या डब्यात, बंद करून डेव्हलपर ओता, दर मिनिटाच्या सुरुवातीला टँक चारदा उलटसुलट करा. वेळ संपली की ओतून द्या, साध्या पाण्याने एकदा खळबळा आणि हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, घाला. हायपोला किती वेळ द्यायचा ते रोलच्या कापलेल्या तुकड्यावर आधीच बघून ठेवा: तुकडा पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट.

आता पाणी. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात अर्धा तास धार सोडून रोल धुणं बरं दिसत नाही. टँक भरून पाच वेळा उलटा आणि ओता, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. एवढ्यात हायपो निघतो. तिन्ही पाणी रसायनाच्याच तापमानाचं ठेवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचं पाणी आरओचं. बाथरूमची फरशी ओली करून धूळ बसवा, रोलला वर-खाली कपड्यांचे चिमटे लावून टांगा, आणि पंखा बंद. वापरलेला हायपो कडुनिंबाच्या आळ्यात ओतू नका, बाटलीत साठवून लॅबवाल्याला द्या.

कधी चाळीसगावला गेलात तर स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघा. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. घराबाहेर जवळपास न पडता, टेबलावर वस्तू मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. आपलं ऊन बाहेरचं, त्यांचं खोलीतलं. पण प्रकाश कुठून येतो याचा विचार तिथे भिंतीभिंतीवर आहे.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरजवळ मावशीकडे मांडे चालले होते. चुलीवर उलटं खापर, दारातून येणारा उजेड, कोपरापर्यंत पसरलेली पुरणाची पोळी. चारशेचा रोल, १/६०, लेन्स पूर्ण उघडी. तिने हात न हलवता विचारलं, "दखाड ना भाऊ, कसा उना फोटो?" मी कॅमेऱ्याची मागची काळी पाठ दाखवली. श्रावणात कानबाईच्या सणाला गेलो तेव्हा प्रिंट घेऊन गेलो. तिने पदराला हात पुसले, फोटो दाराशी उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, डावीकडचा मांडा जरा करपलाय.