परिसर अभ्यासाची साधने वर्गात वापरताना या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडल्या की शिक्षक परिसर अभ्यासासाठी तयार तक्ते आणि कृतिपत्रिका जमवू लागतात. त्यांतील पुष्कळ साहित्य दूरदेशीच्या हवामानावर बेतलेले असते आणि पुण्यातल्या वर्गात ते फसते. साहित्य टाकून द्यावे असे मुळीच नाही. त्याची चौकट ठेवून आतला मजकूर मात्र खिडकीबाहेर जे दिसते त्याच्याशी ताडून बदलावा लागतो.

सर्वांत ठळक उदाहरण ऋतूंच्या तक्त्याचे आहे. त्यात पावसाळ्यानंतर झाडे केशरी होऊन पाने गळतात आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. आपल्याकडे ऑक्टोबरात टेकड्यांवर गवत पिवळे पडू लागले तरी झाडे बहुधा हिरवीच असतात. खरी पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन मार्चपर्यंत चालते आणि त्याच सुमारास निष्पर्ण काटेसावर, पांगारा आणि पळस फुलांनी भरून जातात. तक्त्यावर विसंबलेले मूल पानगळीचा महिना चुकवते आणि शिक्षकही नकळत त्याला बरोबर म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे जूनपासून मेपर्यंतच्या बारा महिन्यांचे वर्तुळ कार्डशीटवर आखावे, फाटकाजवळचे एकच झाड निवडावे आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याची पाने, फुले, फळे व त्यावर आलेले पक्षी नोंदवावेत. भिंतीला लागून ओळीने लावलेले उंच, सडसडीत ‘अशोक’ मात्र यासाठी घेऊ नयेत. ते वर्षभर हिरवेच राहत असल्यामुळे मुले तिसऱ्या महिन्यात कंटाळतात. (शिवाय तो खरा सीताअशोक नव्हेच, हे सांगायची संधीही बहुतेक वेळा हुकते.) गुलमोहर निवडायला हरकत नाही, पण तो मूळचा मादागास्करचा, तसेच पुण्याच्या टेकड्यांवर फोफावलेला गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचा, हे त्या वर्तुळाशेजारी लिहून ठेवावे.

बी रुजवण्याचा प्रयोग सगळे करतात आणि तोच सर्वाधिक बिघडतो. ‘घरून मूग आणा’ एवढेच सांगितले, तेव्हा माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी मुगाची डाळ आणली होती. दोन फाकी वेगळ्या झालेल्या डाळीला मोड येत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बिघाडाचे दुसरे कारण पाणी. कापूस नुसता ओलसर हवा. तो पाण्यात तरंगू लागला, तर बियांना हवा मिळत नाही आणि दोन दिवसांत वास सुटतो. अख्खे मूग किंवा मटकी रात्रभर भिजवून, पाणी पूर्ण निथळून मगच कापसावर ठेवावी. प्रयोग शुक्रवारी मांडू नये, कारण शनिवार-रविवारी कापूस कोरडा पडतो आणि सोमवारी मुलांच्या हाती वाळलेले मोड येतात.

याहून सूक्ष्म चूक निष्कर्षात होते. उजेडातले एक आणि कपाटातले एक अशी दोन रोपे पाचव्या-सहाव्या दिवशी शेजारी ठेवली, तर कपाटातले उंच दिसते आणि वर्ग एकमुखाने सांगतो की अंधारात झाड जास्त वाढते. मुलांचे मोजमाप चुकलेले नसते, आपण प्रयोग फार लवकर थांबवलेला असतो. अंधारातले रोप बीजदलांतील साठ्यावर जगत उजेडाच्या शोधात ताणले जाते, म्हणून ते लांब, फिकट आणि लुळे असते. साठा संपल्यावर ते कोलमडते. ते दिसेपर्यंत, म्हणजे निदान दोन आठवडे, दोन्ही रोपे राखावीत आणि उंचीबरोबर पानांचा रंग व देठाची जाडीही नोंदवावी.

आहाराच्या तक्त्यांवर ब्रोकोली आणि चीज असते. मंडईतला चाकवत, अंबाडी, तांदुळजा नसतो. चित्रे बदलणे सोपे आहे. अवघड आहे ते ‘चांगले’ आणि ‘वाईट’ असे दोन रकाने आखून मुलांचे डबे तपासण्याचा मोह आवरणे, कारण त्या रकान्यांत घरची परिस्थितीच उघडी पडते. त्याऐवजी एकाच पदार्थाचा माग काढावा. डब्यातली भाकरी घेतली, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बीची ज्वारी, थंडीतला हुरडा, फेब्रुवारीच्या सुमारास होणारी काढणी, मार्केट यार्डातला भुसार बाजार आणि पिठाची गिरणी, इतके टप्पे निघतात. शाळेच्या वर्षातच ते सारे बसतात.

खताच्या बादलीला वास येत असेल, तर ओले जास्त झाले आहे. सुका पालापाचोळा मिसळून ढवळावे आणि डब्यातले उरलेले तेलकट अन्न त्यात टाकणे बंद करावे.

फुलपाखराचे जीवनचक्र दाखवताना रुईवरची अळी आणण्याचा प्रघात आहे, परंतु रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने लहान वर्गांत कढीपत्त्यावरची अळी बरी. ती आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे मुले तिला झटकून टाकतात. पाने आणण्यापूर्वीच चित्र दाखवावे. बाजारातली कढीपत्त्याची जुडी तिला घालू नये, फवारणीच्या अंशाने अळ्या मरतात. कोषाला लटकायला खोक्यात उभी काडी ठेवावी, आणि फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख पसरून सुकेपर्यंत, म्हणजे तास-दोन तास, त्याला कोणी हात लावू नये.